दूध सोडले, पण ब-१२ चे काय?

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात बापलेक आले. मुलगी कॉलेजात शिकणारी, वडील शेतकरी. दारात दोन संकरित गाई, दूध डेअरीला घालतात. मुलीच्या तळपायांना मुंग्या येत होत्या, जिना चढताना दम लागत होता, तोंड सारखे येत होते. वडिलांची तक्रार निराळीच. "डॉक्टर, तीन वर्षं झाली, ही दूध-दही-तूप शिवत नाही. चहासुद्धा कोरा. आमच्याच गाईचं दूध आमची पोरगी पीत नाही, लोक हसतात."

मी कारण विचारले. ती म्हणाली, "डॉक्टरकाका, गाईला गोऱ्हा झाला की त्याचं पुढं काय होतं, ते मी लहानपणापासून बघतेय."

वाचकहो, यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. दूध हवे तर गाय व्यायलाच हवी आणि जवळजवळ निम्मी वासरे नर निघणार. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल होई. आता नांगरट ट्रॅक्टर करतो. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ पासून बैलांनाही ती लागू झाली. पण त्यामुळे गोऱ्हा सुखात वाढतो असे थोडेच आहे? कोणी त्याला पुरेसे दूध पिऊ देत नाही, कोणी रस्त्यावर सोडून देतो. प्राण्यापासून आलेले काहीच न खाणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला, म्हणून हे परदेशी खूळ म्हणायचे कारण नाही. असा विचार आपल्या गोठ्यातही सुचू शकतो.

मुलीने पर्यावरणाचाही मुद्दा काढला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जंतूंमुळे मिथेन वायू तयार होतो आणि बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसपटींहून जास्त उष्णता धरतो. हे खरेच आहे. मात्र कोरडवाहू भागातली गाय कडबा आणि भुसकट खाते, जे माणसाला पचत नाही, आणि शेताला शेणखत देते. विहिरीचे पाणी उपसून खास मका पिकवायचा आणि त्यावर वीस-पंचवीस गाई पोसायच्या, हा हिशेब वेगळा. दोन्हींना एकाच तराजूत घालणे मला पटत नाही.

आता दुखण्याकडे वळू. रक्त तपासले, तर जीवनसत्त्व ब-१२ फारच कमी. हे जीवनसत्त्व ना झाडे तयार करतात, ना प्राणी. ते जंतू तयार करतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. भाजी, कडधान्ये, शेंगदाणे कितीही खाल्ले तरी ही उणीव भरत नाही. इडलीचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्या यांवरही भरवसा ठेवू नये. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि फसगत होते ती इथेच. नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

दूध पिणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब-१२ कमी आढळले. ते काही व्हीगन नव्हते! गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर अधिकच जपावे. आईतच कमतरता असली तर बाळाची वाढ खुंटते, कधी त्याच्या हातापायांना कंप सुटतो.

कॅल्शियमची मला एवढी काळजी वाटली नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी आपल्याकडे आहेच. प्रथिनांना डाळी, उसळी, सोयाबीन.

तिला आधी इंजेक्शने दिली, मग गोळी. "काका, ही तरी जनावरापासून नाही ना?" औषधातले ब-१२ जंतूंपासूनच काढतात, हे सांगितले. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे हाडा-कातड्याचे, असू शकते, म्हणून साधी गोळी लिहून दिली.

"किती दिवस घ्यायची?"

"दूध सोडलंयस तोवर. चुकवायची नाही."

तीन महिन्यांनी दोघे पुन्हा आले. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या होत्या. निघताना वडील म्हणाले, "परवा गाय व्याली. गोऱ्हाच झाला. आता ही त्याला विकू देत नाही."