परसातील मका : औषधाआधी निरीक्षण

लखनौमध्ये रायबरेली मार्गावर वृंदावन योजना ही मोठी निवासी वसाहत आहे. तेथे राहणाऱ्या माझ्या एका आप्तांनी कुंपणाच्या भिंतीलगत मक्याची एकच लांब ओळ लावली होती. कणसे सोलली, तर निम्मे दाणे भरलेलेच नव्हते. ‘‘ही कोणती कीड, आणि औषध कोणते मारू?’’ असा त्यांचा प्रश्न होता. कणसे पाहून मी सांगितले, ‘‘कीड नाही, परागीभवन अपुरे झाले आहे.’’

मक्याचे परागीभवन वाऱ्यामार्फत होते. तुऱ्यातील पराग कणसाच्या केसावर पडला, तरच त्या केसाशी जोडलेला एक दाणा भरतो. एकाच ओळीतील बराचसा पराग वाऱ्याबरोबर बाजूला निघून जातो. म्हणून सोळाच रोपे लावायची असली, तरी ती चार ओळींत चार-चार अशी लावावीत. दोन ओळींत ६० सें.मी. व दोन रोपांत २० ते २५ सें.मी. अंतर ठेवावे. केस बाहेर पडल्यावर काही दिवस सकाळी तुरे हलकेच हलवावेत.

खरी कीड होती ती मागाहून लावलेल्या कोवळ्या रोपांवर. पानांना छिद्रे आणि पोंग्यात भुशासारखी ओलसर विष्ठा, ही अमेरिकन लष्करी अळीची खूण होय. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे ती भारतात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके यांवरून ती ओळखावी.

या अळ्या एकमेकींना खातात. त्यामुळे एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी उरते. ती हाताने वेचणे परसात सहज शक्य असते. पानांवरील केसाळ अंडीपुंज दोन-तीन दिवसांआड शोधून चिरडावेत. लहान अळ्या दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारावा.

परसातले कणीस तोडल्या दिवशीच घरातील मुलांच्या हाती जाते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाचे नाव सांगण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : रोपे लावली कशी, आणि पोंगा उघडून पाहिला का?