कोळशाच्या खाणीतला पोरगा

वाचकहो, फुटबॉलचा खेळ तुम्ही पाहिला असेल. इकडे अकरा गडी, तिकडे अकरा गडी, मध्ये एक चेंडू. चेंडूला हात लावायचा नाही. पायाने तो पुढे न्यायचा आणि समोरच्यांच्या जाळ्यात मारायचा. जाळ्यात चेंडू गेला की गोल झाला.

गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. पण त्याच्या पायाशी चेंडू आणून देणारा गडी वेगळाच असतो. तो मैदानाच्या मधल्या भागात खेळतो. कोण कुठे मोकळा आहे ते हेरतो आणि नेमका तिकडे चेंडू ढकलतो. आज आम्ही अशाच एका गड्याची हकीगत सांगणार आहोत. त्याचे नाव रेमाँ कोपा. देश फ्रान्स.

खाणीच्या गावी जन्म

फ्रान्सच्या उत्तर भागात कोळशाच्या खाणी होत्या. पहिल्या महायुद्धानंतर तिथे मजूर कमी पडू लागले. म्हणून पोलंड देशातून हजारो माणसे पोटासाठी तिकडे गेली. अशाच एका पोलिश कुटुंबात १३ ऑक्टोबर १९३१ रोजी रेमाँ जन्मला. गावाचे नाव नू-ले-मीन. ‘मीन’ म्हणजे खाणी. गावाच्या नावातच खाण, मग तिथल्या पोराच्या नशिबी दुसरे काय असणार?

घराण्याचे आडनाव कोपाशेव्हस्की. ते फ्रेंच जिभेला वळेना. म्हणून त्याचे आखूड ‘कोपा’ झाले. रेमाँला वीजतंत्री व्हायचे होते. त्याने काम शिकण्यासाठी खटपट केली. पण परक्या आडनावाच्या पोराला कोणी जवळ केले नाही. अखेर चौदाव्या वर्षी तो बापाच्या वाटेने खाणीत उतरला.

जमिनीच्या पोटात सहाशे मीटर खाली, म्हणजे सुमारे दोन हजार फूट खोल, त्याचे काम चाले. अंधार, धूळ आणि दगड कोसळण्याची भीती. एके दिवशी तसेच झाले. दरड कोसळली. जीव वाचला, पण डाव्या हाताचे बोट गेले.

काम संपले की तो आंघोळ करून चेंडू खेळायला जाई. तोच त्याचा विसावा. १९४९ साली देशातल्या तरुण खेळाडूंची एक स्पर्धा झाली. तीत तो दुसरा आला. आंजे गावच्या क्लबाने त्याला पगारावर घेतले. खाण सुटली.

खेळाची कीर्ती

कोपा अंगाने लहान. उंची जेमतेम साडेपाच फूट. पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून राहत असे. धावता धावता तो अचानक वळे आणि समोरचा गडी भलतीकडेच जाई. १९५१ साली रँस शहराच्या मोठ्या क्लबाने त्याला घेतले. १९५२ साली तो फ्रान्स देशाच्या संघातर्फे पहिल्यांदा खेळला. एका इंग्रज वार्ताहराने त्याला ‘फुटबॉलचा नेपोलियन’ म्हटले. नेपोलियन हा फ्रान्सचा बादशहा. तोही बुटका म्हणून प्रसिद्ध होता.

१९५६ साली युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा प्रथमच पार पडली. अंतिम सामना पॅरिस शहरी झाला. रँसच्या समोर स्पेनचा रेआल माद्रिद. रँसने सुरुवातीला दोन गोल केले, पण शेवटी ४ विरुद्ध ३ असा सामना गमावला. त्यानंतर माद्रिदच्या क्लबाने रँसला पैसे मोजून कोपाला आपल्याकडे घेतले. तिथे मधली जागा दि स्तेफानो या नामांकित खेळाडूची होती. कोपाला उजव्या कडेने खेळावे लागले. त्याने कुरकुर केली नाही. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी तीन वर्षे माद्रिदने तीच स्पर्धा जिंकली. १९५९ च्या अंतिम सामन्यात समोर कोण होते? त्याचाच जुना रँस क्लब!

१९५८ साली स्वीडन देशात जागतिक स्पर्धा झाली. फ्रान्सच्या फोंतेन नावाच्या खेळाडूने सहा सामन्यांत १३ गोल केले. एका जागतिक स्पर्धेत इतके गोल दुसऱ्या कोणीही केलेले नाहीत. फोंतेनला पुष्कळदा चेंडू आणून देणारा होता कोपा. उपांत्य सामन्यात गाठ ब्राझीलशी पडली. दोन्हीकडे एकेक गोल असताना फ्रान्सचा एक खंदा गडी पायाला लागून निकामी झाला. तेव्हा बदली गडी घेण्याचा नियम नव्हता. फ्रान्स ५ विरुद्ध २ ने हरला. मग पश्चिम जर्मनीला ६ विरुद्ध ३ ने हरवून त्याने तिसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी युरोपातला सर्वांत चांगला खेळाडू म्हणून कोपाला सोन्याचा चेंडू मिळाला. तो मिळवणारा पहिला फ्रेंच माणूस हाच.

एका सहीची किंमत

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला मोलाची वाटते ती पुढची.

त्या काळी फ्रान्समध्ये क्लबाशी करार करणारा खेळाडू वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत बांधला जाई. सही करायची विशी गाठताना, आणि सुटका पस्तिशीत! दुसरीकडे चांगला पगार मिळत असला तरी क्लबाने सोडल्यावाचून जाता येत नसे. उलट क्लबाच्या मनात आले तर तो खेळाडूला दुसऱ्या गावी विकू शके. पस्तिशीनंतर पाय थकलेले. मग त्याला विचारतो कोण?

तुम्ही म्हणाल, असल्या कागदावर सही केलीच कशाला? त्या पोरांना लिहिता-वाचता येत होते. पण सगळ्या क्लबांचा कागद एकसारखाच. सही केली नाही तर खेळ बंद, आणि कित्येकांना पुन्हा खाण नाहीतर गिरणी. अशा वेळी एकट्याचे काही चालत नाही. म्हणून १९६१ साली खेळाडूंनी आपली संघटना काढली. कोपाही तीत होता.

१९६३ साली कोपाने एका वर्तमानपत्रात उघड सांगितले, की फुटबॉलचे खेळाडू हे गुलाम आहेत. एकच गहजब उडाला. नावाजलेला माणूस, त्याला काय कमी? असे लोक म्हणू लागले. वरिष्ठांनी त्याला सहा महिने खेळबंदीची शिक्षा सुनावली. अंमल मात्र तहकूब ठेवला. कोपाने शब्द मागे घेतला नाही. पुढे १९६९ साली हा करार गेला. त्याच्या जागी ठरावीक मुदतीचा करार आला. मुदत संपली की खेळाडू मोकळा.

कोपा स्वतः १९५९ सालीच रँसला परतला होता. १९६४ साली तो क्लब खालच्या वर्गात घसरला. कोपा सोडून गेला नाही. १९६६ साली क्लबाला पुन्हा वर आणून १९६७ साली तो खेळातून निवृत्त झाला. म्हणजे नव्या कराराचा लाभ त्याला एक दिवसही झाला नाही. तो मागून येणाऱ्या पोरांना झाला.

१९७० साली फ्रान्सच्या सरकारने त्याला मोठा राष्ट्रीय किताब दिला. ३ मार्च २०१७ रोजी आंजे शहरी त्याचे निधन झाले. जिथे त्याला पहिला पगार मिळाला, त्या आंजेच्या मैदानाला त्याच वर्षी त्याचे नाव दिले गेले.

मंडळी, कोपाने मैदानावर जन्मभर काय केले? दुसऱ्याला चेंडू आणून दिला. मैदानाबाहेरही त्याने तेच केले असे आम्हांला वाटते. तुमच्यापैकी कोणी शेतावर, कोणी गिरणीत, कोणी बांधकामावर राबत असेल. तुमच्याही पुढ्यात कधी कागद येईल. अंगठा उठवण्याचे दिवस आता गेले. तो कागद आधी वाचा. मुदत किती, ते पाहा. आणि वाचून तो अन्यायाचा वाटला, तर एकट्याने कुढत बसू नका. शेजारच्यालाही वाचून दाखवा.