परके नाटक आणि त्याचा सूत्रधार

परभाषेतील नाटक आपल्याकडे आणावयाचे तर भाषांतर करावे लागते, हे आपण जाणतो. परंतु भाषा एक असूनही नाटक परके राहू शकते. ब्रिटन आणि अमेरिका यांचे असेच आहे. इंग्रजी दोघांचीही, पण उमरावांच्या पदव्या, थोरल्या मुलाकडे जाणारी जहागीर, माडीवरचे मालक आणि तळघरातले नोकर हा सारा व्यवहार शिकागोच्या सामान्य गृहस्थाला केवळ ऐकीव. हे अंतर ओलांडण्याचे काम पन्नासहून अधिक वर्षे करीत आलेल्या 'मास्टरपीस थिएटर' या दूरचित्रवाणी-मालेचा येथे विचार करावयाचा आहे.

तिचा उगम एका यशात आहे. जॉन गाल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरून बीबीसीने १९६७ साली 'द फोर्साइट सागा' ही २६ भागांची नाट्यमाला केली. १९६९ मध्ये ती अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली आणि लोक तिची आठवड्याच्या आठवड्याला वाट पाहू लागले. सार्वजनिक केंद्रांना जाहिरातींचे उत्पन्न नव्हते. अशी नाटके स्वतः उभी करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे; तयार विकत घेणे मात्र पुष्कळ स्वस्त. बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राने ती जबाबदारी पत्करली, मोबिल या तेल कंपनीने पैसा दिला, आणि १० जानेवारी १९७१ रोजी 'द फर्स्ट चर्चिल्स' या नाट्यमालेने प्रारंभ झाला. मध्ये जाहिराती नाहीत. कंपनीचे नाव काय ते प्रारंभी आणि अखेरीस. सुशिक्षित वर्गात नाव चांगले व्हावे, हाच कंपनीचा लाभ.

परंतु निव्वळ नाटक दाखवून भागण्यासारखे नव्हते. शिवाय बीबीसीचा एक भाग सुमारे पन्नास मिनिटांचा, तर अमेरिकेतील वेळापत्रक तासाचे. उरलेली मिनिटे ॲलिस्टर कुक यांच्या वाट्याला आली. त्यांचा जन्म १९०८ चा, इंग्लंडमधील सॅलफर्डचा. १९४१ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. १९४६ पासून बीबीसीच्या नभोवाणीवर ते ब्रिटिश श्रोत्यांना अमेरिका समजावून देत होते. आता अमेरिकनांना ब्रिटन समजावून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. दोन्ही घरांत ज्याची ऊठबस आहे, असा माणूस मध्यस्थीला मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या नाटकात सूत्रधार जे करतो, तेच ते खुर्चीत बसून करीत. काळ कोणता, कोण कोणाचा कोण, मागे काय घडले, एवढे सांगून ते बाजूला होत. १९७४ पासून दाखविलेल्या 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'मधील मालक-नोकरांचे घर, किंवा १९७७ मधील 'आय, क्लॉडियस'चे रोम, हे प्रेक्षकाला आधी थोडे ओळखीचे होई आणि मग पडदा उघडे.

मात्र ओळख करून देताना काय निवडले जाते, हाही प्रश्न आहेच; आणि तो आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. पॉल स्कॉटच्या चार कादंबऱ्यांवरून ग्रॅनडा कंपनीने केलेली 'द ज्युएल इन द क्राउन' ही १४ भागांची नाट्यमाला डिसेंबर १९८४ पासून अमेरिकेत दाखविली गेली. काळ १९४२ ते १९४७, भूमी हिंदुस्थानची, काही चित्रण प्रत्यक्ष येथलेच. अभिनय उत्तम, पण व्यथा मुख्यतः राज्यकर्त्यांची. हिंदुस्थानच्याच इतिहासात हिंदी माणसांना दुय्यम भूमिका मिळाल्या, असा आक्षेप सलमान रश्दी यांनी १९८४ मध्येच घेतला. १९४२ म्हटले की आपल्याला 'चले जाव' आठवते. ज्या अमेरिकन प्रेक्षकाची हिंदुस्थानशी पहिली भेट या मालेतून झाली असेल, त्याच्या मनात आधी इंग्रजांचे बंगले उभे राहिले असतील.

दुसरे नुकसान खुद्द अमेरिकेचे. तयार माल स्वस्त मिळू लागला की घरचा माग थंडावतो. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ब्रिटिश नाटकेच फार, अशी थट्टा तेथे वर्षानुवर्षे होत राहिली. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णी अमेरिकन लेखकाच्या कथेवरील 'कोरा अनअशेम्ड' हे नाटक या मालेत आले ते २००० साली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी.

कुक १९९२ मध्ये निवृत्त झाले. तेल कंपनीचे साहाय्य २००४ मध्ये थांबले. २००८ मध्ये नाव नुसते 'मास्टरपीस' झाले, आणि २०११ पासून 'डाउन्टन ॲबी'ने अमेरिकेत नवा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. विषय पुन्हा तोच: माडी आणि तळघर.

परके साहित्य आपल्या घरी अवश्य यावे. त्याला जाणता सूत्रधारही असावा. पण सूत्रधाराचे कर्तव्य दुहेरी असते. रंगमंचावर कोण येणार हे त्याने सांगावेच. कोण आत राहून गेले, याचीही त्याने आठवण द्यावी. त्याने ती दिली नाही, तर विचारण्याचे काम प्रेक्षकांचे, म्हणजे आपले आहे.