इंजिनिअरांची सभा आणि आमचा कोसा

‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही १९२० साली स्थापन झालेली संस्था. तिच्या नागपूर केंद्रात व्याख्याने, चर्चासत्रे होतात. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, अभियंता दिन असतो. आम्ही भंडाऱ्याचे कापडवाले म्हणतो, तिथे आपले काय काम? पण संस्थेच्या १५ शाखांत वस्त्र अभियांत्रिकीही आहे. कोशाचा धागा बायका मांडीवर घासून वळत आल्या, कातडी सोलवटते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या संशोधकांनी त्यासाठीच ‘बुनियाद’ यंत्र तयार केले. अडचण इंजिनिअरपर्यंत पोचली तरच असा उपाय निघतो. म्हणून मोहाडी, आंधळगावच्या कारागीर बंधूंनो, पुढच्या सभेची चौकशी करा, प्रवेश विचारून घ्या, धाग्याची लडी सोबत न्या आणि बेधडक प्रश्न विचारा.