संगणक सुरू न होणे : कारणमीमांसा आणि दोषशोधनाचा क्रम

प्रबंध सादर करण्याची मुदत समीप आली असता संगणक सुरूच होऊ नये, असा प्रसंग संशोधकावर केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी खरा प्रश्न यंत्राचा नसून त्यातील सामग्रीचा असतो. यंत्र पुन्हा विकत घेता येते. गावोगाव हिंडून भरून आणलेल्या प्रश्नावल्यांच्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत. म्हणून सामग्रीचे रक्षण हे दुरुस्तीचे पहिले सूत्र मानले पाहिजे.

‘संगणक सुरू होत नाही’ या एका वाक्यात तीन भिन्न अवस्था दडलेल्या असतात. वीज पोहोचत नाही, ही पहिली. वीज पोहोचते परंतु यंत्राचे आत्मपरीक्षण पुरे होत नाही, ही दुसरी. आणि आत्मपरीक्षण पुरे होऊनही कार्यप्रणाली स्मृतीत उतरत नाही, ही तिसरी. दोष कोणत्या अवस्थेतील आहे हे ठरविल्यावाचून सुटे भाग बदलणे व्यर्थ होय.

पहिल्या अवस्थेत दिवा लागत नाही व पंखाही फिरत नाही. भिंतीतील 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे रूपांतर वीजपुरवठा-पेटी 12, 5 व 3.3 व्होल्टच्या एकदिश विजेत करते. हे दाब स्थिर झाल्याचा संकेत मिळेपर्यंत प्रक्रियक कामाला लागत नाही. त्यामुळे पंखा फिरूनही पडदा कोरा राहू शकतो. नांदेड व लातूर येथे मे महिन्यात तापमान 40 अंशांवर जाते. या उष्णतेने पेटीतील कपॅसिटर लवकर निकामी होतात. शिवाय काळी जमीन वाळून भेगाळली की भूसंपर्कही क्षीण होतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालणे म्हणूनच अगत्याचे. पेटी मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तीत 300 व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहतो.

दुसऱ्या अवस्थेत यंत्र ठरावीक शिट्ट्या देते अथवा मूक राहते. येथे बहुधा रॅमच्या पट्टीचा संपर्क सैल झालेला वा धुळीने बिघडलेला आढळतो. प्लग काढून, हात धातूला लावून, पट्टी काढावी व पुसून पुन्हा घट्ट बसवावी. घड्याळातील तारीख वारंवार मागे जात असल्यास मदरबोर्डावरील 3 व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजावे. तिच्या अभावी जतन केलेली मांडणी पुसली जाते आणि बूटचा क्रम बदलू शकतो.

तिसऱ्या अवस्थेत ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो व संशोधकाचा धीर सुटतो. वस्तुतः जुन्या पद्धतीच्या मांडणीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या खंडाला इजा झाली, तरी तेवढ्याने फायली नष्ट होत नाहीत. दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्या बहुधा उतरवून घेता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास 48 अंकी किल्ली लागते. ती कागदावर लिहून ठेवलेली असावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र पुनःपुन्हा सुरू न करता तत्काळ बंद करावे.

सामग्रीची प्रत निघेपर्यंत कार्यप्रणाली नव्याने बसवू नये. अनेकदा बिघाडापेक्षा ही घाईच अधिक हानिकारक ठरते.