जागा तीन आणि खेळाडू अनेक

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कॉलेजात जाणारा एखादा खेळाडू असेल, मुलगा किंवा मुलगी, तर दुपारची आवराआवर झाली की हा लेख जरा निवांतपणे वाचा. पोरगं जिंकून आलं की पेढे वाटायचे, हरून आलं की पाठीवर हात फिरवायचा, एवढं प्रत्येक आईला जमतं. पण ते हरलेलं नाही, आजारी नाही, सरावाला एक दिवस दांडी मारत नाही आणि तरीही संघात त्याला जागा मिळत नाही, तेव्हा काय करायचं? हे दुखणं घरोघरी आहे, पण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

यासाठी बुलढाण्याचंच उदाहरण घेऊ या. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं हे गाव जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी इथे रेल्वे येत नाही. गाडी पकडायची तर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. अशा गावातला प्रथमेश जवकार हा तिरंदाज मे २०२३ मध्ये चीनमधल्या शांघायला विश्वचषक स्पर्धेत खेळला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन आला. अंतिम लढतीत समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळी जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. गुण झाले १४९ विरुद्ध १४८.

एका गुणाचा हिशेब

हा १४९चा आकडा नीट समजून घ्या, म्हणजे आपली मुलं कशाशी झगडतात ते कळेल. प्रथमेशचा प्रकार कंपाउंड धनुष्याचा. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, नेम पाहायला भिंग असतं. दोरी मागे ओढताना सुरुवातीला वीस-पंचवीस किलोंचा भार येतो. पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे तो बराच हलका होतो आणि नेम धरता येतो. लक्ष्य पन्नास मीटरवर. दहा गुणांचं मधलं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढं! एका लढतीत पंधरा बाण आणि एकेका बाणाला वीस सेकंद. १४९ गुण म्हणजे पंधरापैकी चौदा बाण त्या कपात आणि एकच जरासा बाहेर.

त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतल्या हर्मोसियो इथे विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. तिथे प्रथमेश पुन्हा अंतिम लढतीपर्यंत गेला. डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनशी बरोबरी झाली, मग एकेका जादा बाणावर निकाल लागला आणि प्रथमेशला रौप्यपदक मिळालं. वर्षभराची मेहनत अशी एका बाणावर येऊन ठेपते.

घरचेच स्पर्धक

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनच्याच हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तिरंदाजीत वैयक्तिक बाद फेरीत एका देशाचे दोनच खेळाडू खेळू शकतात, असा नियम आहे. भारताच्या त्या दोन जागा नागपूरचा ओजस देवतळे आणि अनुभवी अभिषेक वर्मा यांच्याकडे गेल्या. अंतिम सामनाही त्या दोघांतच झाला आणि ओजस जिंकला. शांघायचा विजेता प्रथमेश त्या लढतींत नव्हता. ओजसनं तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदही मिळवलं होतं. प्रतिस्पर्धी परका नव्हता. विदर्भातलाच, एकाच संघात शेजारी उभा राहून बाण मारणारा!

सांघिक स्पर्धेत तिघं खेळतात. अभिषेक, ओजस आणि प्रथमेश एकत्र उभे राहिले आणि दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून त्यांनी सुवर्णपदक आणलं. मनात काय असेल ते असो, पण आपल्या वाटणीचे बाण प्रथमेशनं चोख मारले, हे त्या आकड्यांतच दिसतं.

आणि पुढचं वर्ष? एप्रिल २०२४ मध्ये त्याच शांघायमध्ये भारताच्या पुरुष संघानं पुन्हा सुवर्ण जिंकलं. त्या तिघांची नावं होती अभिषेक वर्मा, प्रियांश आणि प्रथमेश फुगे. बुलढाण्याचा प्रथमेश त्यात नव्हता, ओजसही नव्हता. वर्षभरापूर्वी ज्यांच्या गळ्यात पदकं होती, त्यांच्याही जागा राखून ठेवलेल्या नव्हत्या. निवड चाचणीत त्या दिवशी पडलेले गुणच पाहिले जातात. यात अन्याय झाला असं समजू नका. आपल्याकडे चांगले तिरंदाज पुष्कळ झाले, त्याचाच हा परिणाम.

ही चुरस आता आणखी वाढणार आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीला प्रथमच स्थान मिळालं आहे, पण फक्त मिश्र दुहेरीत. म्हणजे एका देशाचा एक पुरुष आणि एक स्त्री. अख्ख्या भारतातून एक!

मग आईनं काय करावं?

तुमचं लेकरू कदाचित अमरावती विद्यापीठाच्या संघासाठी धडपडत असेल, किंवा कॉलेजच्या कबड्डी, खो-खो, फुटबॉलच्या संघात राखीव बसत असेल. दुखणं तेच. काही साध्या गोष्टी सांगते.

दारात पाऊल टाकताच "घेतलं का रे संघात?" असं विचारू नका. हातपाय धुऊ द्या, खाऊ द्या. सांगायचं असेल तर ते पोळी खाता खाता आपणहून सांगेल. विचारायचंच तर "आज काय नवं शिकलास?" असं विचारा.

"शेजारच्या बाईंचा मुलगा बघ, लागला ना नंबर" हे वाक्य तर विसरूनच जा. तो मुलगा याचा रोजचा सोबती असतो. दोघांची मैत्री टिकली तर दोघांचाही खेळ सुधारतो.

निवड झाली नाही म्हणून प्रशिक्षकांशी भांडायला घरच्यांनी जाऊ नये. मुलानं स्वतः जाऊन "माझं कुठं कमी पडलं?" असं विचारावं आणि उत्तर वहीत लिहून ठेवावं. रोजच्या सरावाचे गुणही त्याच वहीत मांडावेत. तीन महिन्यांनी पानं उलटली की प्रगती झाली की नाही ते वहीच सांगते, मग उगाच तर्क करावे लागत नाहीत.

खाण्याचं म्हणाल तर महागडे डबे आणण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, दूध, चालत असेल तर अंडी, आणि सरावानंतर मूठभर शेंगदाणे-गूळ. उसळीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा देऊ नका, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागतं. मुलींच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी बरोबर द्या. सामन्याच्या दिवशी नवा पदार्थ करून पाहू नका आणि आदल्या रात्री झोप पुरी होऊ द्या.

कागद जपा, अभ्यासही

प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र एका फाइलीत, झेरॉक्स प्रतींसह ठेवा. दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना क्रीडागुणांची सवलत मिळते. तो प्रस्ताव शाळा-कॉलेजमार्फत वेळेत जावा लागतो, म्हणून आधीच चौकशी करा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी व्हावी लागते. ऐन वेळी कपाटं उपसत बसण्यापेक्षा ते काम आधीच करून ठेवलेलं बरं.

आणि हे सारं करताना पदवी सोडू देऊ नका. स्पर्धेच्या दर्जाचं कंपाउंड धनुष्य घ्यायचं म्हटलं तरी लाखाच्या वर खर्च येतो. घरानं किती वर्षं, किती पैसा घालायचा, हे नवरा-बायकोनं मुलाला समोर बसवून मोकळेपणी बोलावं. "तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं" असं नंतर ऐकवण्यापेक्षा आधी हिशेब मांडलेला चांगला. त्यानं मुलाच्या खांद्यावरचं ओझंही कमी होतं.

आज तुमचा मुलगा राखीव असेल तर असू द्या. उद्या पहाटे तो सरावाला निघेल तेव्हा डब्यात दोन भाकऱ्या जास्त घाला. एक त्याच्यासाठी आणि एक ज्याची निवड झाली त्या सोबत्यासाठी!