दोरीवर मागच्या रांगेतला कपडा

गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत घालायची एक अलिखित शिस्त बहुतेक मराठी घरांत पाळली जाते. रस्त्याच्या बाजूला चादरी आणि शर्ट, त्यामागे परकर, गाऊन, आणि परकराच्या घडीत दडवलेली ब्रा. 2013 साली मुंबई महापालिकेच्या सभागृहात, अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे दुकानांबाहेर मांडायला बंदी करावी असा ठराव मंजूर झाला होता. दोरीवरचा परकर हे काम कुठल्याही ठरावाशिवाय करत आला आहे.

या लपवालपवीचा फटका कपड्यालाच बसतो. पैठणी कशी जपायची, लोकरीचा स्वेटर कसा धुवायचा हे आई-मावशी आवर्जून सांगतात. ब्राबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मग ज्याला जे सुचेल ते नियम तयार होतात आणि चारशे-पाचशे रुपयांची वस्तू चार महिन्यांत ढिली पडते. दोष कंपनीला दिला जातो.

गोची अशी की धुण्याच्या आपल्या सवयी सुती कपड्यावर घडलेल्या आहेत. सुती चोळीला समोर गाठ असे, इलॅस्टिकचा संबंधच नव्हता. ती दगडावर आपटली, सोड्याच्या पाण्यात उकळली, पीळ घालून झटकली, तरी तिचं फारसं बिघडत नसे. आजच्या ब्राचा सगळा जीव मात्र ताणल्या जाणाऱ्या धाग्यात असतो. 1958 साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने स्पँडेक्स तयार केलं. दुकानात आपण ज्याला लायक्रा म्हणतो, ते याच धाग्याचं कंपनीने दिलेलं व्यापारी नाव. हा धागा पाच-सहा पट ताणला तरी पुन्हा मूळ लांबीला येतो. जुन्या ब्राच्या खालच्या पट्ट्याची कड उजेडात धरून पाहिली, तर केसाएवढे बारीक पांढरे तंतू बाहेर डोकावताना दिसतात. ते तुटलेलं इलॅस्टिक. एकदा ते दिसू लागलं की कुठलंही धुणं त्याला परत जोडू शकत नाही.

हा धागा वाचवायचा म्हणून काही जणी ब्रा धुणंच टाळतात. ‘जितकी कमी धुवाल तितकी जास्त टिकते’ हा समज चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकू येतो. प्रत्यक्षात घाम, त्वचेवरचं तेल, पावडर, डिओ यांचा थर कापडात मुरत जातो, रंग पिवळट होतो आणि काखेकडची कड ताठर बनते. थंडीत किंवा एसीच्या ऑफिसात दोन-तीन वेळा वापरून धुतली तर चालते. मुंबई-कोकणातल्या घामट हवेत किंवा विदर्भातल्या मे महिन्यात रोजच धुवायला हवी. त्याहून उपयोगी सवय म्हणजे आलटून-पालटून वापरणं. ताणलेल्या इलॅस्टिकला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून एकच आवडती ब्रा रोज अंगात अडकवण्यापेक्षा तीन ब्रा फिरवत्या ठेवल्या तर प्रत्येकीचं आयुष्य वाढतं.

‘हाताने धुतली म्हणजे सुरक्षित’ हा दुसरा समज. हात कुणाचा आणि हातात काय, यावर ते अवलंबून आहे. बाथरूममध्ये आंघोळ उरकता उरकता साबणाची वडी घासायची, प्लॅस्टिकच्या ब्रशने कप खरवडायचे आणि लवकर वाळावी म्हणून करकचून पिळायची, हे धुणं मशीनपेक्षा कठोर आहे. पिळताना फोमच्या कपाला कायमची सुरकुती पडते, तार वाकते आणि इलॅस्टिक त्याच्या मर्यादेपलीकडे ओढलं जातं. त्यापेक्षा गार पाण्याच्या बादलीत थोडं सौम्य लिक्विड घालावं, ब्रा दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवावी, खालचा पट्टा आणि काखेची बाजू बोटांनी हलकेच चोळावी आणि फेस निघून जाईपर्यंत खळबळावी. लिक्विड संपलं असेल तर साधा शाम्पूही चालतो. अंगाचं तेल काढण्यासाठीच तो बनवलेला असतो. रिठ्याचं पाणीही चांगलं. पाणी काढायचं तर पिळण्याऐवजी कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबावं.

बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाच्या वडीचा त्यांच्याशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो, तो धाग्यांत बसतो आणि पांढरी ब्रा राखाडी दिसू लागते. तिथे वडीपेक्षा लिक्विडच बरं.

मशीनला उगाच बदनाम केलं जातं. आधी सगळे हुक लावावेत, नाहीतर ते शेजारच्या कुर्त्याच्या लेसमध्ये अडकतात. मग जाळीच्या पिशवीत घालून, गार पाण्यात, नाजूक कपड्यांच्या सायकलवर लावावी. जीन्स आणि टॉवेलसोबत नको. तारेची ब्रा पिशवीशिवाय टाकली तर तार निसटून ड्रमच्या भोकात अडकू शकते आणि मग मेकॅनिकला बोलवावं लागतं. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ज्या टबाला आपण ड्रायर म्हणतो, तो कपडे तापवत नाही, पण गरगर फिरताना कप टबाच्या भिंतीवर चेपतो. फोमची ब्रा त्यात घालूच नये.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते स्वच्छतेच्या अतिरेकाने. ‘आतला कपडा आहे, कढत पाण्यातच धुवायला हवा’ असं म्हणणाऱ्या बायका कमी नाहीत. गिझरच्या कढत पाण्याने इलॅस्टिकची ताकद जाते, ब्लीचने तर त्याहून लवकर. क्लोरीनचं ब्लीच स्पँडेक्सचा धागा कुजवतं आणि शुभ्र करायला घेतलेली ब्रा उलट पिवळी पडते. सुगंधी फॅब्रिक कंडिशनरही टाळावा. तो धाग्यांवर गुळगुळीत थर चढवतो, त्यामुळे कापड घाम कमी टिपतं. या सूचना कंपनीने आतल्या लेबलावर चित्रांत दिलेल्या असतात: टबात हात म्हणजे हाताने धुवा, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नका. टोचतं म्हणून पहिल्याच दिवशी ते लेबल कात्रीने कापलं जातं, ही गोष्ट वेगळी.

आता पुन्हा दोरीकडे. परकराखाली हवा पोचत नाही आणि तिथे ब्रा वाळत नाही, नुसती सुकल्यासारखी दिसते. जाड कप बाहेरून कोरडे लागले तरी आत दमट असतात. पावसाळ्यात अशी अर्धओली ब्रा घातली की स्तनांखालच्या घडीत ओल आणि घाम साचून बुरशीचा संसर्ग व्हायला वाव मिळतो. खाज, लाल चट्टे ही त्याची लक्षणं. ‘मग कडक उन्हात घालू’ हाही उतारा अर्धवटच. ऊन ओल झटपट घालवतं, पण त्यातले अतिनील किरण इलॅस्टिक आणि रंग दोन्ही खातात. वाऱ्याची सावली उत्तम. खांद्याच्या पट्ट्यांना चिमटा लावून लटकवलं तर ओल्या कपांच्या वजनाने पट्टे ओढले जातात, म्हणून दोन कपांच्या मधल्या भागावर दोरीवर टाकावी. जुलै-ऑगस्टमध्ये घरात स्टँडवर, पंख्याखाली. गरम इस्त्री फिरवून वाळवायचा मोह मात्र आवरावा: सुती कपड्याची इस्त्री 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तेवढ्यात फोम, नायलॉन, स्पँडेक्स यांपैकी काहीच धड राहत नाही.

कपाटात एक कप दुसऱ्यात उलटा खोचून ठेवायची पद्धत सुती, पातळ ब्राला चालते. फोमच्या ब्रा एकापुढे एक उभ्या ठेवाव्यात.

राहिला प्रश्न किती दिवस वापरायची याचा. सहा महिने, वर्ष, असे आकडे सांगितले जातात; पण तारखेपेक्षा हुक खरं सांगतात. नवी ब्रा घेताना ती सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसायला हवी. आतल्या दोन ओळी पुढे इलॅस्टिक ढिलं पडेल तेव्हासाठी असतात. पुष्कळ बायका पहिल्याच दिवशी घट्ट हुक लावतात आणि मग दोन महिन्यांत घट्ट करायला जागाच उरत नाही. सर्वांत आतल्या हुकावरही पाठीचा पट्टा वर सरकू लागला की ब्रा संपली असं समजावं, कारण बहुतेक आधार त्या पट्ट्याचा असतो. खांद्याचे पट्टे आवळून ती कसर भरत नाही, खांद्यावर वळ तेवढे उठतात. हुक वाकला किंवा तारेने काखेकडची शिवण फोडली, तर मात्र लगेच टाकून द्यायचं कारण नाही. शिवणसाहित्याच्या दुकानात तयार हुकपट्टी थोड्या पैशांत मिळते, शिवणाऱ्या ताई ती सहज बदलून देतात. तार आत सरकवून तोंडाशी घट्ट टाके घातले की तीही पुन्हा जागेवर बसते.